शेपूट जड झालंय? नाकात शिसं भरायच्या आधी हे करून बघा

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात लिहितो म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. रेडिओ कंट्रोलवर उडणारं पहिलंच मॉडेल विमान बनवलंय, बाल्साच्या हलक्या लाकडाचं हाय विंग ट्रेनर (पंख धडाच्या वर असलेलं शिकायचं विमान), पंख दीड मीटर, रुंदी सगळीकडे सारखी २५० मिमी, इलेक्ट्रिक मोटर, मागे शेपटीखाली छोटं चाक. कव्हरिंग झालं, रेडिओ बसवला, बॅटरी टाकली आणि दोन बोटांवर उचललं तर शेपूट खाली. प्लॅनवर सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ मिमीवर दाखवलाय आणि विमान तोललं जातंय ९५ मिमीवर. एकूण वजन १६०० ग्रॅम. आणि प्रश्न असा की नाकात किती शिसं भरू.

माझं उत्तर असं की सध्या एक ग्रॅमही भरू नका. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं शिशाची गरजच पडणार नाही, फक्त बसवलेलं सामान परत काढायची तयारी ठेवा. रेडिओ बसवणं आणि बॅलन्स करणं ही लोक दोन वेगळी कामं समजतात, आधी सगळं जिथे जागा दिसेल तिथे चिकटवून टाकायचं आणि मग शेवटी बोटांवर उचलून बघायचं. हे म्हणजे आधी कळस मग पाया. बॅटरी, सर्व्हो (शेपटीचे आणि पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा), रिसीव्हर (ट्रान्समीटरचा सिग्नल घेणारा) हे सगळं मिळून तुमच्या विमानाच्या वजनाचा मोठा हिस्सा आहे आणि लाकडाचा सांगाडा तर आता हलवता येत नाही, मग सीजी जागेवर आणायला तुमच्या हातात हेच सामान आहे ना.

२० मिमीने काय होतंय असं वाटू शकतं म्हणून आधी ते सांगतो. २५० मिमी रुंदीत ७५ मिमी म्हणजे ३० टक्के, आणि ९५ म्हणजे ३८ टक्के. साध्या ट्रेनरला २८ ते ३३ टक्के ही नेहमीची जागा. प्रत्येक विमानाला एक न्यूट्रल पॉइंट असतो, सीजी त्याच्या पुढे असेल तोवर झुळूक लागून नाक वर गेलं तर विमान आपोआप नाक खाली आणतं. सीजी जसजसा मागे मागे सरकतो तसतसा हा आपोआप सावरण्याचा गुण कमी होत जातो, आणि न्यूट्रल पॉइंटच्याही मागे गेला की उलटं होतं, नाक थोडं वर गेलं की ते अजून वर जायला बघतं. साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या ५ ते १५ टक्के इतकं अंतर दोघांमध्ये ठेवतात, नवशिक्याने त्यातलं जास्तीचंच ठेवावं. तुमचं ८ टक्के मागे आलंय म्हणजे हा जो राखीव साठा असतो त्यातला बहुतेक खर्च झाला.

माझं एक विमान असंच गेलंय. नेहमीची बॅटरी चार्ज नव्हती म्हणून लहान टाकली, नाकातलं साधारण ६० ग्रॅम वजन कमी झालं, आणि मी परत तोलून न बघता उडवलं. जमीन सोडली तसं नाक वर गेलं, मी डाऊन दिला तर ते खाली इतकं जोरात आलं की घाबरून अप दिला, मग अजून जोरात वर. तीन हेलकावे, आणि चौथ्याला जमीन. दहा सेकंदही झाले नसतील. त्या दहा सेकंदात हात कितीही चांगला असला तरी उपयोग नव्हता कारण प्रत्येक वेळी स्टिक हलवेपर्यंत विमान पुढच्या हेलकाव्यात गेलेलं असायचं. तीन महिन्यांचं काम होतं ते. म्हणून मी यावर इतकं लांबलचक लिहितोय.

आता तुमचा हिशोब. शाळेत सी-सॉचा नियम शिकलो तोच, वजन गुणिले अंतर. तुम्हाला १६०० ग्रॅमचं विमान २० मिमी पुढे तोलायचंय, म्हणजे १६०० × २० = ३२,००० ग्रॅम-मिमी एवढा फरक कुठूनतरी पुढच्या बाजूला आणायचाय. हा एक आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, इथून पुढे यातून फक्त वजा करत जायचं.

सरळ नाकात शिसं घातलं तर? मोटरमागची प्लायची भिंत तुमच्या सीजीच्या जागेपासून साधारण २५० मिमी पुढे असेल असं धरतो. ३२,००० भागिले २५० म्हणजे १२८ ग्रॅम. विमानाच्या ८ टक्के वजन नुसतं ओझं म्हणून वाहायचं, त्यामुळे लँडिंगचा वेग वाढणार, आणि आपटलं तर तेच शिसं पुढची भिंत उखडून बाहेर येणार. दोष शेपटीत आणि औषध नाकात, याला आपल्याकडे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात.

म्हणून आधी शेपटीकडे जा. शेपटीतला एक ग्रॅम हा सगळ्यात महाग ग्रॅम असतो कारण तो सीजीपासून ७०० - ७५० मिमी लांब बसलाय आणि नाक फक्त २५० वर आहे, म्हणजे मागे १० ग्रॅम जास्त झाले की पुढे ३० लागतात. तुम्ही लिहिलंय की मागचं चाक स्टीलच्या ब्रॅकेटचं आहे आणि सगळं मिळून २० ग्रॅम भरतं. ते काढून वाकवलेल्या तारेचं हलकं चाक लावा, ८ ग्रॅममध्ये होतं. १२ ग्रॅम कमी × ७५० मिमी = ९,०००. बघा, फक्त एक चाक बदललं आणि पाव हिस्सा हिशोब मिटला. मागे अजून काय काय आहे तेही बघा, रडरचा (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) जाड हॉर्न म्हणजे तार अडकवायची पट्टी, मोठाले नायलॉनचे स्क्रू, एपॉक्सीचे ओघळ. बाल्साला एपॉक्सी फार कमी ठिकाणी लागतं आणि शेपटीत तर जवळजवळ लागतच नाही.

उरले २३,०००. आता बॅटरी. ३ सेल २२०० एमएएचची लायपो १८० ग्रॅमच्या आसपास असते, ती ८० मिमी पुढे सरकवली तर १८० × ८० = १४,४००. पुढच्या फॉर्मरला (धडातली आडवी लाकडी चौकट) खिडकी कापून बॅटरीचं तोंड आत घालता येतं बऱ्याच वेळा, फक्त फॉर्मरच्या चारही कडांना पुरेसं लाकूड राहू द्या आणि कापलेल्या कडेला पातळ प्लायची पट्टी लावा. उरले ८,६००. ईएससी ४० ग्रॅमचा, तो १०० मिमी पुढे मोटरजवळ नेला तर ४,०००. उरले ४,६००. आणि रडर व एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा वरखाली हलणारा भाग) यांचे दोन स्टँडर्ड सर्व्हो मिळून ८० ग्रॅम, त्यांचा ट्रे ६० मिमी पुढे आणला तर ४,८००. झालं, संपलं, २०० उलट जास्तच आले. ट्रे तुम्ही फक्त स्क्रूने लावलाय असं लिहिलंय ते बरंच झालं, पुशरॉड, म्हणजे सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारा, मात्र ६० मिमीने लांब लागतील ते लक्षात ठेवा. आणि समजा ट्रे हलवणं शक्यच नसेल तर ४,६०० भागिले २५० म्हणजे १८ - १९ ग्रॅम शिसं. १२८ च्या जागी १९, हे चालेल.

हे आकडे मी अंदाजाने घेतलेत, तुम्ही प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून आणि अंतरं पट्टीने मोजून परत करा. अंतर मोजताना नवीन जागा वजा जुनी जागा एवढंच घ्यायचं. आणि कागदावरचा हिशोब कितीही जुळला तरी शेवटचा शब्द बोटांचा.

पुढच्या विमानाला हे सगळं उलट क्रमाने करा. धड तयार झालं, पंख जोडला, शेपूट नुसती टेपने लावली की मोटर, बॅटरी, सर्व्हो, सगळं मास्किंग टेपने आणि रबर बँडने जागेवर ठेवायचं आणि तोलून बघायचं, शेपटीकडे कव्हरिंगसाठी थोडे ग्रॅम जास्तीचे धरायचे, आणि मग ट्रे कुठे चिकटवायचा ते ठरवायचं. प्लॅनवर ट्रेची जागा दाखवलेली असते पण प्लॅन काढणाऱ्याने जी मोटर आणि जे सर्व्हो वापरले ते तुमच्याकडे नसतात. जुन्या प्लॅनचं तर विचारूच नका, ते ग्लो इंजिनच्या (इंधनावर चालणारं छोटं इंजिन) हिशोबाने काढलेले, इंजिन, मफलर सगळं नाकात, आणि आपण तिथे लावतो हलकी ब्रशलेस मोटर. मग शेपूट खाली जाणारच, तुमच्या बाबतीत पण मला हेच झालेलं दिसतंय.

आता सामान हलवणारच आहात तर ते नीट बसवायचं कसं तेही सांगतो, कारण फोटोत मला दोनतीन गोष्टी दिसल्या.

सर्व्होच्या कानात जे रबरी बूच असतात ना, त्यात पितळेची छोटी नळी घालायची असते आणि ती खालून घालायची, म्हणजे तिची पसरट कड ट्रेच्या लाकडावर टेकली पाहिजे. तुम्ही वरून घातली आहे. वरून घातली की नळीची बारीक कड लाकडात रुतत जाते, स्क्रू आवळत गेलं की रबर पूर्ण चेपतं आणि मग कंपनं अडवायला ते रबर असून नसल्यासारखं. नळी बरोबर बसली असेल तर स्क्रू पितळेला टेकला की आपोआप थांबतो. सर्व्होचा डबा ट्रेच्या लाकडाला कुठेही चिकटता कामा नये, चारी बाजूंनी एकदोन मिमी फट ठेवा. स्क्रूची भोकं आधी बारीक पाडा, एकदा स्क्रू घालून काढा, मग भोकात पातळ सीए गोंदाचा (सुपरग्लू) एक थेंब सोडा आणि पूर्ण वाळल्यावर परत स्क्रू लावा. प्लायमधले आटे दगडासारखे होतात आणि वर्षभर स्क्रू ढिला होत नाही. एलेरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) ९ ग्रॅमवाले छोटे सर्व्हो पंखात चिकटवायचे असतील तर सर्व्होवर आधी मास्किंग टेप गुंडाळा आणि टेपला गोंद लावा, उद्या सर्व्हो बदलायचा झाला तर टेप सोडवली की झालं.

सर्व्होचा हात (पुशरॉड अडकवायची फिरणारी पट्टी) बसवण्याआधी रेडिओ चालू करा, ट्रिम आणि सब-ट्रिम (सर्व्होची मधली जागा किंचित सरकवायच्या सेटिंग) शून्य, आणि मग हात असा बसवा की पुशरॉडशी काटकोन होईल. फुटाबा कंपनीच्या सर्व्होला २५ दाते असतात, त्यामुळे चार हातांची चकती असेल तर चारही हात वेगवेगळ्या कोनात बसतात, एक नाही जमला तर चकती फिरवून दुसरा हात घेऊन बघा, चारांतला एक जवळजवळ काटकोनात येतोच. मग उरलेला केसभर फरक सब-ट्रिमने काढा. नको असलेले हात कापून टाका. आणि मधला स्क्रू! सेटिंगच्या नादात हात काढघाल करताना तो स्क्रू लावायचा राहतो, आणि हात नुसता दाबून बसलेला असला तरी जमिनीवर सगळं व्यवस्थित चालतं. हवेत एलिव्हेटरवर जोर आला की निघतो. मी तो स्क्रू लावल्यावर सर्व्होवर मार्करने टिंब काढतो, टिंब नाही तर उड्डाण नाही.

पुशरॉड कुठल्या भोकात लावायचा यात बरेच जण उलटं करतात. सर्व्होच्या हातावर आतलं भोक आणि कंट्रोल हॉर्नवर बाहेरचं भोक घेतलं की पृष्ठभाग कमी हलतो पण सर्व्होचा जोर जास्त मिळतो आणि ढिलेपणा कमी होतो. हवी तेवढी हालचाल आधी भोकं बदलून मिळवा आणि ट्रान्समीटरमधलं ट्रॅव्हल शक्यतो १०० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. उलट केलं, म्हणजे भोक बाहेरचं ठेवलं आणि हालचाल जास्त झाली म्हणून ट्रॅव्हल ४० टक्क्यांवर आणलं, की सर्व्होची निम्मी ताकद आणि निम्मा बारकावा वाया गेला. हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यायला हवीत, पुढेमागे झाली तर अप आणि डाऊन सारखं होत नाही.

पुशरॉड वाकतो का ते एकदा तपासाच. एलिव्हेटर हलकेच बोटांनी धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला स्टिक हलवायला सांगायचं, मधे तार धनुष्यासारखी वाकताना दिसली तर मधल्या फॉर्मरला आधार द्या. जमिनीवर वाकत नसलेली तार डाइव्हमध्ये वाकते कारण तिथे हवेचा जोर असतो, आणि नेमकं त्याच वेळी तुम्हाला अप हवा असतो. प्लॅस्टिकची नळीत नळीवाली पुशरॉड वापरली असेल तर ती उन्हाने लांबते, सकाळी लावलेलं ट्रिम दुपारी चुकलेलं दिसेल, त्यात बिघाड काही नाही. क्लेविसवर (पुशरॉडच्या टोकाची चिमटी) सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवा म्हणजे तो उघडणार नाही.

रिसीव्हर वेल्क्रोने लावा, गोंदाने नको. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला दोन वायरी असतील तर त्यांची टोकाची जी ३१ मिमी उघडी तार असते तेवढाच खरा अँटेना, बाकीची वायर नुसती तिथपर्यंत पोचवणारी. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ३१ मिमी, म्हणून ती लांबी अशी मोजून ठेवलेली आहे, तिला कापायचं नाही, दुमडायचं नाही, टेपखाली चुरगाळायचं नाही. दोन टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवा, एक धडाच्या लांबीत आणि एक आडवं किंवा उभं. विमान वळताना एक टोक ट्रान्समीटरकडे रोखलेलं असलं की त्याला सिग्नल कमी मिळतो, तेव्हा दुसरं सांभाळून घेतं. प्लॅस्टिकची स्ट्रॉ कापून फॉर्मरला चिकटवली आणि त्यात टोक घातलं की ते जागेवर राहतं. बॅटरी, ईएससी, मोटरच्या जाड वायरी आणि कार्बनच्या नळ्या यांपासून लांब. कार्बन वीज वाहतो आणि सिग्नल अडवतो हे कित्येकांना माहीत नसतं. जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या सेटला सुमारे एक मीटरची वायर असायची, ती पूर्ण उलगडून शेपटीपर्यंत न्यायची, गुंडाळी करून आत कोंबली की रेंज गेली.

ईएससी पुढे नेताना एक काळजी घ्या. बॅटरी आणि ईएससीमधल्या वायरी वाढवू नका. त्या लांबल्या की ईएससीच्या प्रत्येक झटक्याला व्होल्टेजचे फटके त्याच्या कपॅसिटरवर बसतात आणि तो कधीतरी हवेतच जळतो. अंतर वाढवायचंच असेल तर मोटरकडच्या तीन वायरी वाढवा. तुमच्या बाबतीत बॅटरी आणि ईएससी दोन्ही पुढे जाताहेत त्यामुळे बहुतेक वायर वाढवावी लागणारच नाही, फक्त ईएससीला हवा लागेल असं बघा, कारण त्यातला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग, रिसीव्हर आणि चारही सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवतो. लिनियर प्रकारचा बीईसी उरलेलं सगळं व्होल्टेज उष्णतेत घालवतो, ३ सेलला चालून जातो, ४ सेल किंवा जास्त असतील तर स्विचिंग प्रकारचा घ्या. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावणार असाल तर ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेपने झाका.

आणि हे सगळं प्रॉपेलर काढून. जोडाजोडी, दिशा तपासणं, थ्रॉटल कॅलिब्रेशन, काहीही करायचं असो, प्रॉपेलर काढून टेबलावर. चॅनलचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, फुटाबात थ्रॉटल तिसऱ्या चॅनलवर असतो आणि स्पेक्ट्रममध्ये पहिल्यावर, त्यामुळे मित्राच्या सेटवर बघून तुमच्या रिसीव्हरमध्ये प्लग लावले तर स्टिक एलिव्हेटरची हलवाल आणि मोटर सुटेल. फुटाबावर थ्रॉटल बहुतेक वेळा रिव्हर्स करावा लागतो, नाहीतर ईएससी आर्म होतच नाही.

दिशा तपासताना विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून लांब. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर. रडर उजवीकडे तर त्याची कड उजवीकडे. एलेरॉनला मात्र लोक चुकतात कारण दोन्ही बाजू उलट हलतात. दोन्ही हातांच्या मुठी करून अंगठे वर करा आणि ते एलेरॉनवर ठेवल्यासारखं समजा, स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा अंगठा वर, म्हणजे उजवीकडे स्टिक तर उजवा एलेरॉन वर. उलटे एलेरॉन घेऊन उडालेलं विमान कोणी सावरल्याचं मी अजून बघितलेलं नाही, कारण डोकं जे सांगतं त्याच्या उलट करत राहावं लागतं. दरवेळी मैदानात पंख जोडल्यावर हे परत तपासायचं, वाय-केबल बदलली किंवा ट्रान्समीटरमध्ये चुकून दुसरं मॉडेल निवडलं गेलं की सगळं फिरतं. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी ठेवा, म्हणजे वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जात नाही. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करायची सेटिंग) लावणार असाल तर चिन्ह बघून लावा, फुटाबावर मऊ करायला उणे आणि स्पेक्ट्रमवर अधिक.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय व्हावं ती सोय) मोटर बंद होईल असा सेट करा आणि तो खरंच होतो का ते बघा, विमान घट्ट बांधून थोडा थ्रॉटल द्यायचा आणि ट्रान्समीटर बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे. मग रेंज टेस्ट, ट्रान्समीटर कमी पॉवरवर टाकून ३० पावलं लांब जा, आधी मोटर बंद ठेवून आणि मग कोणालातरी विमान धरायला लावून मोटर चालवून. मोटर चालू असताना सर्व्हो थरथरले तर रिसीव्हर ईएससीच्या फार जवळ आहे. आपण सगळं पुढे सरकवतोय ना, म्हणून ही टेस्ट तुम्ही टाळू नका. रिसीव्हर जेमतेम १० ग्रॅमचा, तो मागेच राहू दे, त्याने हिशोबात काही फरक पडत नाही.

आता तोलायचं कसं. पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना, धडाच्या जवळ, ७५ मिमीवर बारीक टेपची पट्टी लावा म्हणजे बोटांना अंधारातही जाणवेल. बोटांपेक्षा दोन पेन्सिली खोडरबराची टोकं वर करून ठोकळ्यात रोवलेल्या बऱ्या, हात थरथरत नाही. हाय विंग सरळ तोलायचं, लो विंग असेल तर उलटं करून, नाहीतर सगळं वजन टेकूच्या वर येतं आणि विमान कलंडतच राहतं. बॅटरी आत, प्रॉपेलर, स्पिनर, हॅच, चाकं, जे उडताना असणार ते सगळं लावून. ग्लो इंजिन असतं तर टाकी रिकामी ठेवून, कारण टाकी सीजीच्या पुढे असते आणि इंधन संपत जाईल तसं विमान मागे जड होत जातं, लँडिंगच्या वेळी सगळ्यात जास्त. विमान समतल राहिलं किंवा नाक अगदी किंचित खाली गेलं की झालं. पहिल्या उड्डाणाला मी तर ७२ - ७३ वर ठेवीन.

तुमचा पंख सरळ चौकोनी आहे म्हणून हे सोपं. पुढे निमुळता पंख केलात तर मुळाशी जी रुंदी आहे ती घेऊन चालत नाही, सरासरी रुंदी काढावी लागते. कागदावर अर्धा पंख काढा, मुळाच्या रुंदीच्या एका टोकाला टोकाकडची रुंदी जोडा, पंखाच्या टोकाला उलट दिशेने मुळाची रुंदी जोडा, दोन्ही लांब टोकं तिरक्या रेषेने जोडा, आणि ती रेषा दोन्ही रुंदींचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेला जिथे छेदते तिथली पंखाची रुंदी घ्या. टक्के त्या रुंदीचे. उडता पंख असेल, शेपूटच नसलेला, तर ३० टक्के विसरा, तिथे १५ ते २० लागतात.

आडवा बॅलन्स पण बघा, बरेच जण बघतच नाहीत. एका बोटावर मोटरचा शाफ्ट आणि दुसऱ्या बोटावर शेपटीचं टोक, असं धरायचं आणि कुठला पंख खाली जातो ते तीनचार वेळा बघायचं. दरवेळी तोच खाली जात असेल तर दुसऱ्या पंखाच्या टोकाला वजन, बहुतेक वेळा ५ ग्रॅमच्या आतबाहेर पुरतं, टोकाच्या बाल्सात एक खिळा घुसवला तरी होतं. हे नाही केलं तर लूप मारताना विमान दरवेळी एका बाजूला निघून जातं आणि माणूस उगाच एलेरॉनचं ट्रिम फिरवत बसतो.

शिसं लागलंच तर मोटरमागच्या भिंतीला एपॉक्सी आणि स्क्रू दोन्हीने. नुसत्या टेपवर भरवसा ठेवू नका. त्याआधी एकदा विचार करा की तेवढंच वजन जास्त मोठ्या बॅटरीत किंवा धातूच्या स्पिनरमध्ये मिळतंय का, बॅटरीचं वजन निदान उडायचा वेळ तरी वाढवतं.

पहिल्या उड्डाणात उंच गेल्यावर सरळ ट्रिम करा, मग थ्रॉटल कमी करून साधारण ४५ अंशांत खाली सोडा आणि एलिव्हेटर मोकळा ठेवा. स्वतःहून जोरात वर आलं तर नाक जड आहे, खाली अजून तीव्र होत गेलं तर शेपूट जड, लगेच हलकेच अप देऊन बाहेर काढा आणि उतरवा. सरळ रेषेत राहिलं किंवा सावकाश वर आलं तर जागा बरोबर. लँडिंगला पूर्ण अप ओढूनही नाक उचलत नसेल तर तेही नाक जड असल्याचं लक्षण. मग बॅटरी ५ मिमीने सरकवायची, एकदम २० नाही, १८० ग्रॅमची बॅटरी ५ मिमी म्हणजे तुमच्या सीजीत अर्ध्या मिमीहून थोडा जास्तच फरक, इतकं बारीक जमतं.

बॅटरी वेल्क्रो आणि पट्टा दोन्हीने बांधा आणि तिच्या मागे लाकडाचा एक ठोकळा चिकटवा, चढताना ती मागे घसरली तर सगळा हिशोब हवेतच बदलतो. जागा पक्की झाली की ट्रेवर बॅटरीच्या पुढच्या टोकाशी रेघ मारा आणि रेघेपाशी बॅटरीचं वजन लिहून ठेवा. दुसरी बॅटरी आणाल ती २० ग्रॅमने जड किंवा हलकी असेल, तिच्यासाठी वेगळी रेघ, आणि ती रेघ मारायच्या आधी परत एकदा पेन्सिलींवर.